रोपित मूत्रपिंडाचा डॉप्लर ‘नॉर्मल’ आला, तरीही धमनी अरुंद निघाली: प्रत्यारोपणातील तपासण्यांविषयी अनुभव आणि माहिती हवी

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या मुलाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण पुण्यात होऊन आता १६ महिने झाले. मूत्रपिंड त्याच्या आईने, म्हणजे माझ्या पत्नीने दिले. दोघेही आज ठीक आहेत, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांच्या जिवाला घोर लागणार नाही. मधल्या काळात जे घडले ते इथे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण ते आम्हाला आधी कळले असते तर आमचे काही दिवस वाचले असते.

पहिले वर्षभर मुलाचे क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ; तो वाढला की मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे कळते) १.२ च्या आसपास स्थिर होते. तेराव्या महिन्यापासून रक्तदाब वाढू लागला आणि एका गोळीवर असलेला मुलगा तीन गोळ्यांवर गेला. त्यातली तिसरी गोळी वेगळ्या गटातली होती. ती सुरू केल्यावर दहा दिवसांत क्रिएटिनिन १.७ झाले. नेफ्रोलॉजिस्टनी (मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी) गोळी थांबवून डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगितला. तो विसर्जनाच्या आदला दिवस होता. मध्यवस्तीतले रस्ते बंद होऊ लागले होते आणि प्रत्यारोपण झालेले रुग्णालय आमच्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून आम्ही घराजवळच्या एका केंद्रात तपासणी करून घेतली. तपासणी दहा मिनिटांत उरकली. अहवालात लिहिले होते की मूत्रपिंडाचा आकार योग्य आहे, मूत्र साठलेले नाही, रेझिस्टिव्ह इंडेक्स ०.५२ आहे आणि रक्तप्रवाह नॉर्मल आहे. हा इंडेक्स ०.८ च्या वर गेला तर काळजी करावी, असे मी कुठेतरी वाचले होते. त्यामुळे ०.५२ म्हणजे उत्तमच, असे समजून आम्ही चार दिवस निर्धास्त राहिलो.

पाचव्या दिवशी नेफ्रोलॉजिस्टनी विचारले, “शस्त्रक्रियेनंतरचा पहिला डॉप्लर कुठे आहे?” रुग्णालयातून मिळालेली पिवळी पाकिटे आम्ही माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे ठेवली होती. मी त्याच संध्याकाळी शिडी लावून ती खाली काढली. सोनोग्राफीचे कागदी प्रिंट उन्हाळ्याच्या उष्णतेने काळपट पडले होते, पण टंकलिखित अहवाल शाबूत होता. पहिल्या दिवशीचा इंडेक्स ०.६९ होता आणि तिसऱ्या महिन्यातला ०.६७. डॉक्टरांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले की हा आकडा घसरला आहे, तेव्हा मूत्रपिंडाच्या अलीकडे कुठेतरी रक्ताची वाट अडलेली असणार.

दुसऱ्या दिवशी प्रत्यारोपणाचे काम नेहमी पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे पुन्हा डॉप्लर झाला. या वेळी ४० मिनिटे लागली. मी आत उभा होतो. प्रोब पोटाच्या उजव्या बाजूला खाली टेकवून त्यांनी आधी पायाकडे जाणारी मोठी धमनी शोधली आणि नवी धमनी जिथे तिला जोडली आहे त्या सांध्यापर्यंत ते इंचाइंचाने सरकत गेले. यंत्रातून येणारा आवाज तोवर ठोक्यासारखा, भरदार होता. सांध्यावर पोहोचताच तो एकदम चिरका झाला, बंद खिडकीच्या फटीतून वारा घुसावा तसा. तिथे रक्ताचा वेग सेकंदाला ३९० सेंटिमीटर निघाला आणि अलीकडच्या मोठ्या धमनीत तो ११० होता. पुढे जांघेतून नळी घालून अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे अरुंद धमनी आतून रुंद केली, आणि ती उघडी राहावी म्हणून स्टेंट बसवला. आता रक्तदाब पुन्हा एका गोळीवर आहे, क्रिएटिनिन १.३ आहे आणि इंडेक्स ०.६८ वर परत आला आहे.

पहिल्या केंद्राने सांध्यापाशी वेग मोजलाच नव्हता, याचे मला दुःख आहे. पण आम्ही नेलेली चिठ्ठी पुन्हा पाहिली, तेव्हा तिच्यावर फक्त ‘पोटाचा डॉप्लर’ इतकेच लिहिलेले आढळले. रक्तदाब वाढल्याचा उल्लेख नव्हता, गोळीचा नव्हता आणि शंका कशाची आहे तेही नव्हते. प्रश्नच विचारला नाही तर उत्तर कुठून येणार? प्रत्यारोपणाच्या आधी आणि नंतर या तपासण्या नेमक्या काय शोधण्यासाठी होतात, हे जाणकारांनी आणि अनुभवी मंडळींनी इथे लिहावे, ही विनंती.

राखाडी_छटा

मी पुण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करतो. आपल्या मुलाची तब्येत सावरली हे वाचून फार बरे वाटले. आपण विचारलेल्या प्रश्नाच्या मुळाशी जो आकडा आहे, त्याबद्दल आधी लिहितो.

हृदयाच्या ठोक्याबरोबर रक्ताचा वेग एकदा चढतो आणि मग उतरतो. चढलेल्या वेगातून उतरलेला वेग वजा करून आलेल्या उत्तराला चढलेल्या वेगाने भागले की रेझिस्टिव्ह इंडेक्स मिळतो. मूत्रपिंडाच्या आतल्या बारीक वाहिन्या रक्ताला किती विरोध करत आहेत, याचा तो अंदाज असतो. रोपित मूत्रपिंडात तो साधारणपणे ०.६ ते ०.८ यांच्या दरम्यान असतो. आत सूज आली, रिजेक्शन झाले (शरीराने नवे मूत्रपिंड नाकारले), मूत्र तुंबले, मूत्रपिंडावर बाहेरून दाब आला किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताविना गेलेल्या काळाचा परिणाम झाला, तर तो वाढतो. इतक्या वेगवेगळ्या कारणांनी वाढत असल्यामुळे वाढलेला आकडा पाहून कारण सांगता येत नाही.

कमी आकडा मात्र वेगळीच गोष्ट सांगू शकतो. अलीकडची धमनी अरुंद झाली की पलीकडे पोहोचणाऱ्या रक्तातला जोर निघून जातो. पडद्यावर लाट उशिरा चढते, तिचे टोक बोथट होते आणि चढलेला व उतरलेला वेग यांतील अंतर मिटत जाते, त्यामुळे इंडेक्स खाली येतो. म्हणजे मूत्रपिंडाच्या आत मोजलेला ०.५२ हा आकडा खरा होता आणि तो धोक्याची सूचनाच देत होता. कॅनॉलला पाणी कमी आले म्हणून चारीतले पाणी संथ वाहत असेल, तर चारी उत्तम आहे असे शेतकरी म्हणत नाही. तो वरच्या बाजूला चालत जाऊन दार पाहून येतो. रोपित मूत्रपिंडाच्या डॉप्लरमध्येही असेच उलट चालत सांध्यापर्यंत जावे लागते. सांध्यापाशी वेग सेकंदाला २५० ते ३०० सेंटिमीटरच्या पुढे गेला, शेजारच्या मोठ्या धमनीच्या मानाने तो अनेक पटींनी अधिक असला आणि पलीकडची लाट बोथट दिसली, की निदान बळकट होते. मात्र प्रवाहाच्या दिशेशी प्रोबच्या किरणाचा कोन ६० अंशांहून अधिक राहिला, तर वेगाचे मोजमापच चुकते, आणि वळणदार धमनीत हा कोन साधायला वेळ लागतो. आपल्या ४० मिनिटांपैकी बरीचशी त्यातच गेली असावीत.

धमनी अरुंद होण्याचा हा त्रास बहुधा प्रत्यारोपणानंतर तीन महिने ते दोन वर्षे या काळात दिसतो. रक्तदाब अचानक आवरेनासा होणे आणि विशिष्ट गटातील गोळी सुरू करताच क्रिएटिनिन वाढणे, या दोन्ही त्याच्या ओळखीच्या खुणा आहेत. त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या असत्या, तर तपासणाऱ्याने सांधा पाहिल्याशिवाय प्रोब उचललाच नसता. मला रोज येणाऱ्या चिठ्ठ्यांवर एका ओळीपेक्षा अधिक मजकूर क्वचितच असतो आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, हे मी मनापासून लिहितो आहे.

धाकटी_बहीण

मी तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाला मूत्रपिंड दिले. दात्याच्या बाजूने लिहिते, कारण अशा चर्चांमध्ये दात्याच्या तपासण्यांविषयी फारसे बोलले जात नाही.

माझी आधी साधी सोनोग्राफी झाली. मग डीटीपीए स्कॅन झाला. त्यात हातातून किरणोत्सारी टेक्निशियम जोडलेले औषध देऊन कॅमेऱ्याखाली झोपवतात आणि प्रत्येक मूत्रपिंड किती काम करते ते वेगवेगळे मोजतात. या पदार्थाची तीव्रता सहा तासांत निम्मी होते. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, म्हणून मला त्या दिवशी तिला मांडीवर घेऊ नका असे सांगितले होते. तो दिवस शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षा मला जास्त आठवतो. ती दाराशी रडत होती आणि मी आतल्या खोलीत बसून होते. माझे डावे मूत्रपिंड ५२ टक्के आणि उजवे ४८ टक्के काम करत होते.

त्यानंतर सीटी अँजिओग्राफी झाली. शिरेतून डाय (रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध) गेला की घशापासून ओटीपोटापर्यंत एकदम ऊब पसरते आणि लघवी झाली की काय असे वाटते. तंत्रज्ञ ताईंनी हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून मी घाबरले नाही. या तपासणीत माझ्या उजव्या मूत्रपिंडात ३ मिलिमीटरचा खडा निघाला, ज्याचा मला कधीच त्रास झाला नव्हता.

आता खडा आहे म्हणून डावे मूत्रपिंड काढणार, असे मी गृहीत धरले होते. सर्जननी सांगितले की उजवे काढू. मला फार वाईट वाटले. दादाला द्यायचे ते चांगलेच द्यावे, खडा असलेले कसे द्यायचे, असे मी त्यांना विचारले. त्यांनी मला समोर बसवून शांतपणे समजावले की दोन मूत्रपिंडांत जे अधिक निर्दोष असेल ते दात्याकडेच राहिले पाहिजे, हा दात्याच्या शस्त्रक्रियेतला पहिला नियम आहे. तुम्हाला पुढचे सगळे आयुष्य एकाच मूत्रपिंडावर काढायचे आहे आणि तुमच्यासाठी कोणी दाता ठरलेला नाही. बाहेर काढल्यावर बर्फात ठेवलेल्या मूत्रपिंडातून तो खडा काढून मग ते दादाला जोडले. दोघांचेही क्रिएटिनिन आज ठीक आहे. माझी दरवर्षी सोनोग्राफी होते आणि उरलेले डावे मूत्रपिंड आकाराने थोडे वाढले आहे. दुसऱ्याचेही काम आता तेच करत असल्यामुळे ही वाढ अपेक्षित असते, असे मला सांगितले आहे.

राखाडी_छटा

ताई, आपण फार महत्त्वाचे लिहिले आहे. त्याला जोडून सीटीमध्ये आम्ही काय शोधतो ते सांगतो.

पूर्वी दात्याच्या धमन्या पाहण्यासाठी जांघेतून नळी घालावी लागत असे. आता एकाच सीटीत तीन वेळा चित्रे घेतात: डाय धमन्यांत असताना, शिरा आणि मूत्रपिंडाच्या गाभ्यात पोहोचल्यावर, आणि शेवटी तो मूत्रावाटे मूत्रवाहिनीत उतरल्यावर. सुमारे चारांतल्या एका माणसात एखाद्या मूत्रपिंडाला एकाहून अधिक धमन्या असतात. त्यातली दोन मिलिमीटरची बारीक धमनी खालच्या टोकाकडे जात असेल, तर ती वाचवणे गरजेचे असते, कारण मूत्रवाहिनीला रक्त पुरवणाऱ्या फांद्या बहुधा तिच्यातूनच निघतात. ती तुटली तर काही दिवसांनी मूत्रवाहिनी सडून मूत्र पोटात गळू शकते. मुख्य धमनी महाधमनीतून निघाल्यावर दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच फुटत असेल, तर सर्जनला चिमटा लावायला पुरेशी जागा मिळत नाही आणि एकाऐवजी दोन सांधे करावे लागतात.

डावे मूत्रपिंड सर्जनना अधिक सोयीचे वाटते, कारण त्याची शीर महाधमनी ओलांडून पलीकडे जाते आणि त्यामुळे लांब असते. उजवी शीर आखूड असते. काही लोकांत डावी शीर महाधमनीच्या मागून जाते किंवा तिला वेढा घालते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्याला समोरून हे दिसत नाही, म्हणून अहवालात त्याचा स्पष्ट उल्लेख असणे हे दात्याच्या जिवाशी निगडित आहे. अहवाल लिहून झाल्यावरही मी सर्जनना फोन करून ही गोष्ट तोंडी सांगतो.

वाईकर

माझ्या मेहुण्याचे प्रत्यारोपण पुण्यात होऊन पाच आठवडे झाले आहेत. कालच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडाशेजारी ६ सेंटिमीटरचा पाण्याचा साठा आहे असे आले. क्रिएटिनिन ०.२ ने वाढले आहे. ताप नाही. आम्ही वाईला परत आलो आहोत आणि पुढची तारीख चार दिवसांनी आहे. बहीण रात्रभर जागी आहे. याचा अर्थ काय होतो, कोणी सांगू शकेल का?

समन्वय_कक्ष

भाऊ, चार दिवस थांबू नका. आजच आपल्या प्रत्यारोपण समन्वयकांना फोन करून अहवालाचे छायाचित्र पाठवा आणि ते सांगतील त्याप्रमाणे करा. लघवी कमी झाली, ताप आला, पोट दुखले किंवा त्या बाजूचा पाय सुजला, तर फोनची वाट न पाहता निघा. मी प्रत्यारोपण समन्वयक म्हणून बरीच वर्षे काम करते, त्या अनुभवावरून पुढचे लिहिते. ताईंना वाचून दाखवलेत तर बरे होईल.

मूत्रपिंडाभोवती साठणारा द्रव कोणता आहे, याचा पहिला अंदाज दिवसांवरून येतो. पहिल्या काही दिवसांत दिसलेला साठा बहुधा रक्ताचा असतो. पहिल्या दोन आठवड्यांत वाढत गेलेला आणि लघवी कमी करणारा साठा मूत्राचा असू शकतो, तेव्हा घाई करावी लागते. काही आठवड्यांनंतर दिसणारा साठा बहुतेक वेळा लसिकेचा (शरीरात वेगळ्या बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या पातळ द्रवाचा, लिम्फचा) असतो, त्याला लिम्फोसील म्हणतात. मोठ्या रक्तवाहिन्यांभोवती लसिकेच्या बारीक नळ्या असतात. नवे मूत्रपिंड जोडताना त्या सुटतात आणि द्रव हळूहळू साठतो. लहान लिम्फोसील आपोआप जिरतात. मूत्रवाहिनी किंवा शीर दाबली जात असेल, तर सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालून द्रव काढतात आणि गरज पडली तर नळी ठेवतात किंवा दुर्बिणीतून वाट करून देतात.

सोनोग्राफीत रक्त, मूत्र आणि लसिका यांतला फरक खात्रीने दिसत नाही. म्हणून काढलेल्या द्रवाचे क्रिएटिनिन तपासतात. ते रक्तातल्या क्रिएटिनिनहून कितीतरी अधिक असेल, तर तो द्रव मूत्र आहे. रक्ताइतकेच असेल, तर लसिका. इतक्या साध्या तपासणीने मोठा प्रश्न सुटतो. मेहुण्यांच्या मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट (ती मोकळी राहावी म्हणून ठेवलेली तात्पुरती नळी) अजून आहे की काढला आहे, हेही फोनवर नक्की सांगा, कारण स्टेंट काढल्यानंतर मूत्रवाहिनी दाबली गेल्याचे लवकर जाणवते.

वाईकर

ताई, फोन केला. उद्या सकाळी साडेआठला बोलावले आहे. स्टेंट आठवड्यापूर्वी काढला आहे, तेही सांगितले. पहाटे निघतो. आपले उपकार आहेत.

प्रोब_आणि_जेल

मी सोनोग्राफी विभागात मदतनीस म्हणून काम करतो. दोन गोष्टी लिहितो. रोपित मूत्रपिंड पोटाच्या खालच्या भागात त्वचेच्या अगदी जवळ असते, त्यामुळे ते मूळ मूत्रपिंडापेक्षा स्पष्ट दिसते. पण मूत्राशय तुडुंब भरलेले असेल, तर मूत्रपिंडातल्या नळ्या थोड्या फुगलेल्या दिसू शकतात आणि उगाच घबराट होते. तसे दिसले, तर लघवी करून आल्यावर पुन्हा पाहायला सांगण्यात रुग्णाने संकोच करू नये.

दुसरी गोष्ट अशी की, रुग्णाला संसर्ग होऊ नये म्हणून यंत्र घरी आणता येईल का, असे नातेवाईक अनेकदा विचारतात. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी असलेल्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत असते आणि हलवता येणारे यंत्रसुद्धा नोंदणीकृत जागेतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरावे लागते. त्यामुळे घरी येऊन तपासणी करणे शक्य नसते. सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, मुखपट्टी लावावी आणि प्रोब पुसून घेण्याची विनंती करावी. आम्हाला त्याचा राग येत नाही.

हडपसर_प्रतीक्षेत

माझे नाव मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीत आहे. वय ५४, मधुमेह २० वर्षांपासून, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. मला डाय न देता ओटीपोटाची सीटी करायला सांगितली आहे. मूत्रपिंड तर अजून मिळायचे आहे, मग ही सीटी कशाची? आणि एमआरआयचा डाय मूत्रपिंडाच्या रुग्णांना चालत नाही असे ऐकले, ते खरे आहे का?

राखाडी_छटा

नवे मूत्रपिंड मूळ मूत्रपिंडांच्या जागी बसवत नाहीत. मूळची दोन्ही बहुतेक वेळा तशीच राहतात. नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला ठेवून त्याची धमनी आणि शीर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना जोडतात, आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला. दीर्घकाळचा मधुमेह आणि डायलिसिस यांमुळे या मोठ्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठते. ती सगळीकडून कडक झाली असेल, तर तिला चिमटा लावता येत नाही आणि टाका घालायला मऊ जागा सापडत नाही. कॅल्शियम सीटीत डाय न देताही पांढरेशुभ्र दिसते. उजवीकडे जागा नसेल पण डावीकडे असेल, तर ते सर्जनला आधीच ठाऊक असते. तपासणी जुनी झाली असेल, तर ती पुन्हा करावी का हे स्वतःहून विचारत राहा.

एमआरआयबद्दल आपण ऐकलेत त्याला आधार आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅडोलिनियमच्या काही जुन्या औषधांमुळे, ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा रुग्णांची त्वचा आणि सांधे घट्ट होत जाण्याचा गंभीर आजार होतो, हा संबंध २००६ मध्ये उघड झाला. त्यानंतर ती औषधे अशा रुग्णांत टाळली जाऊ लागली. आज वापरात असलेल्या अधिक स्थिर औषधांत हा धोका अत्यल्प आहे. तरीही आपण डायलिसिसवर आहात हे एमआरआयच्या खोलीत शिरण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. डाय न वापरता धमन्या दाखवणाऱ्या एमआरआयच्या पद्धतीही आहेत.

समन्वय_कक्ष

दादा, यात माझी भर. आपल्या कायद्यानुसार मेंदूस्तंभ मृत झाल्याची चाचणी चार डॉक्टरांचे मंडळ करते आणि किमान सहा तासांच्या अंतराने ती दुसऱ्यांदा करून खात्री केली जाते. कुटुंबाची संमती मिळाल्यावर दात्याच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी अतिदक्षता विभागातच होते. आकार, गाभ्याची जाडी, गाठी, खडे आणि मूत्र तुंबले आहे का, हे पाहिले जाते. पुढचे सगळे घड्याळाकडे बघत होते. फोन रात्री अडीचलाही येतो. त्या वेळी ज्यांची सीटी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि छातीचा एक्स-रे एका फाइलमध्ये तयार असतात, त्यांचे बाबतीत सर्जन पाच मिनिटांत निर्णय घेतात. फाइल कपाटात नको, दाराजवळ ठेवा.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीमध्ये काम करते. चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडते. डॉप्लरवर बेतापेक्षा अधिक भरवसा ठेवला जातो. धमनी किंवा शीर बंद झाली, मूत्र तुंबले, द्रव साठला, हे तो उत्तम दाखवतो. पहिल्या आठवड्यात शीर गुठळीने बंद झाली, तर धमनीतले रक्त प्रत्येक ठोक्यानंतर उलटे फिरताना दिसते, आणि ते पाहून रुग्णाला तत्काळ शस्त्रक्रियेला घेतात. तिथे मिनिटे मोजावी लागतात. पण रिजेक्शन आहे, टॅक्रोलिमसचा (रिजेक्शन टाळण्यासाठी घेतात त्या औषधाचा) त्रास आहे की विषाणूचा संसर्ग, हे कोणत्याही चित्रातून ठरत नाही. त्यासाठी बायोप्सीच, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे, लागते, आणि ‘डॉप्लर ठीक आहे, आणखी आठवडाभर पाहू’ असे म्हणत ती पुढे ढकलली गेल्याची उदाहरणे माझ्या टेबलावर आली आहेत.

बायोप्सीची भीती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून ती कशी होते ते सांगते. रुग्ण उताणा झोपतो. मूळ मूत्रपिंड श्वासाबरोबर वरखाली होते, म्हणून तिथे श्वास रोखून धरावा लागतो; रोपित मूत्रपिंड खाली स्थिर असते आणि जवळही असते. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, १६ किंवा १८ गेजची सुई मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात नेतात. खट असा आवाज येतो आणि आगपेटीच्या काडीहून बारीक, दीडेक सेंटिमीटरचा तुकडा मिळतो. तो कॅनडातील बॅन्फ येथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या वर्गीकरणानुसार वाचला जातो. नंतर काही तास पडून राहावे लागते आणि लघवीत रक्त दिसते का ते पाहतात. कधी सुईच्या वाटेत धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या जातात. डॉप्लरमध्ये तिथे रंगांचा ठिपका दिसतो आणि बहुतेकदा ती जोडणी आपोआप बंद होते.

राखाडी_छटा

सूक्ष्मदर्शी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या अहवालात ‘रिजेक्शन नाही’ असे मी कधीही लिहीत नाही, कारण ते लिहिण्याचा मला अधिकार नाही. ‘रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, मूत्र तुंबलेले नाही, कारण अन्यत्र शोधावे’ इतके मी लिहू शकतो, आणि ते वाचून त्याच दिवशी बायोप्सीचा निर्णय व्हावा अशी माझी अपेक्षा असते.

वाईकर

कळवायचे राहिले होते. द्रव लसिकेचाच निघाला. द्रवाचे क्रिएटिनिन १.५, रक्तातले १.४. मूत्रवाहिनी थोडी दाबली जात होती, म्हणून सुईने काढून बारीक नळी ठेवली आहे. मेहुणे वॉर्डात बसून चहा पीत आहेत. बहीण काल आठ तास झोपली.

पर्वतीपायथा (धागाकर्ता)

वाईकर, ही बातमी वाचून मी पत्नीला स्वयंपाकघरातून बोलावून घेतले आणि तिला मोठ्याने वाचून दाखवली.

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल ऋणी आहे. धाकटी बहीण यांनी लिहिल्यावर माझ्या लक्षात आले की या १६ महिन्यांत मुलाचे सात अहवाल झाले, पण त्याच्या आईची सोनोग्राफी आम्ही एकदाही केलेली नाही. वर्षाची तारीख उलटून गेली आणि तिनेही आठवण करून दिली नाही. तिची वेळ आता येत्या गुरुवारी सकाळी घेतली आहे. चिठ्ठी लिहून घेताना डॉक्टरांकडून हा मजकूर मागून घेतला: ‘वय ५९, डावे मूत्रपिंड १६ महिन्यांपूर्वी मुलास दान, उजव्याचा आकार मोजावा, दानापूर्वीच्या सीटीत लांबी १०.१ सेंटिमीटर, तुलना करावी.’ ती सीटीची सीडी आज माळ्यावरून काढून संगणकावर उघडून पाहिली. ती चालते आहे. तिची एक प्रत मुलाकडे दिली आहे आणि मूळ सीडी गुरुवारच्या पिशवीत ठेवली आहे.